आधी ढब्बू, मग न्यायाधीश

...आणि वर आमच्या डॉक्टरबाई मलाच म्हणतात, दोन मिनिटांचं तर काम होतं! अहो, दोन मिनिटांचं होतं तर तुम्हीच का नाही केलंत? तुम्हाला सांगतो, काम सांगणाऱ्याला ते नेहमी दोन मिनिटांचंच असतं, आणि करणाऱ्याची अख्खी दुपार जाते. आणि काम तरी काय? एक रकाना इकडून तिकडे. एक रकाना हो!

मी जनावरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसतो. फोन घ्यायचे, नंबर लावायचे, मांजर टेबलाखाली शिरलं तर काढायचं. कॉम्प्युटरवर एक तक्ता आहे. पहिल्या रकान्यात मालकाचं नाव, दुसऱ्यात जनावराचं, मग फोन, मग आजार. चार वर्षं सुखाने चाललं होतं. परवा डॉक्टरबाई आतून आल्या, चष्मा कपाळावर, म्हणाल्या, "मला आधी पेशंट दिसला पाहिजे. मालक नंतर. जनावराचं नाव पहिलं घे." बाईंचं सगळं असंच. कुत्र्यालासुद्धा अहोजाहो करतात. "या, बसा, जीभ दाखवा." माणसाला म्हणतात, "तू बाहेर थांब."

बसलो. रकाना धरला, ओढला... हलेना. पुन्हा ओढला, तर रकाना जागेवरच आणि नुसता रुंद झाला, सुस्तावलेल्या अजगरासारखा. मग नीट कडेला धरून ओढला, तर यंत्र विचारतंय, तिथे आधीच काहीतरी आहे, त्याच्यावर टाकू का? अरे बाबा, तिथे मालक आहेत! मालकांवर जनावरं टाकतोस? नको म्हटलं. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. तोवर समोर एक बाई ससा मांडीवर घेऊन बसलेल्या, त्या सशाला समजावतायत, "काकांचं चाललंय हं, थांब." ससासुद्धा माझ्याकडे असा बघतोय...

शेवटी भाचीला फोन लावला. ती कॉम्प्युटरमधलीच. म्हणाली, "मामा, शिफ्ट दाबून ओढ." एवढंच! शिफ्ट दाबलं, ओढलं, आणि रकाना कसा, तर लग्नाच्या पंगतीत ओळखीच्या माणसाने घुसावं तसा अलगद मध्ये शिरला. जनावरं पुढे, मालक मागे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, मी सशाच्या बाईंनासुद्धा दाखवलं. मग संध्याकाळी नेहमीसारखं, उद्याच्या वेळेची आठवण द्यायला मालकांच्या फोनवर जे निरोप जातात, त्यांचं बटण दाबलं आणि घरी गेलो.

आता मला सांगा, मला काय ठाऊक, की ते निरोप नावं बघत नाहीत, रकाना बघतात? पहिल्या रकान्यात जो असेल त्याला नमस्कार, आणि दुसऱ्यात जो असेल त्याला दवाखान्यात आणायचं!

सकाळी दार उघडलं, तर पायरीवर निवृत्त न्यायाधीश. करारी माणूस. सोबत त्यांची मिसेस, आणि त्यांचा कुत्रा ढब्बू. न्यायाधीशांनी फोन माझ्यापुढे धरला. "नमस्कार ढब्बू. उद्या सकाळी..." आणि पुढे साहेबांचं नाव, आडनावासकट... "यांची नसबंदी आहे. रात्रीपासून उपाशी ठेवावे. चावत असल्यास तोंड बांधून आणावे."

मिसेस शांतपणे म्हणाल्या, "उपाशी ठेवलंय. दोघांनाही. म्हटलं, नेमकं कुणाचं ते तुम्ही बघा."

मागे रांग लागलेली. एका म्हशीने तिच्या गवळ्याला जंताच्या औषधाला बोलावलं होतं. डॉक्टरबाईंच्या सासूबाईंची मांजर, तिने सासूबाईंची नखं कापायची वेळ घेतलेली! आणि सासूबाई आल्याही होत्या, हात पुढे करून. मी मनातल्या मनात दुसरी नोकरी शोधायला लागलो. कशासाठी? एक रकाना हो!

सगळ्यांत शेवटी शिंपीणबाई आल्या. एकट्या राहतात, घरात मशीन आणि एक म्हातारा पोपट. त्यांना निरोप गेला होता, "नमस्कार राघू..." आणि पुढे बाईंचं नाव... "यांचं वय झालं आहे. एकदा नीट तपासून घ्या." मी हात जोडले, म्हटलं, बाई, चूक झाली, माफ करा. त्यांनी पिंजरा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "असू दे हो. इतक्या वर्षांत माझ्या तब्येतीची चौकशी केली ती पोपटाने."

बाकावर बसलेले न्यायाधीश हसले. आधी जरासे, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. उपाशी माणूस इतका हसलेला मी पाहिला नव्हता. ते उठले आणि शिंपीणबाईंना स्वतःची जागा दिली.

डॉक्टरबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी शिंपीणबाईंना आत नेलं, शेजारच्या माणसांच्या डॉक्टरांना फोन करून बोलावून घेतलं, रक्तदाब बघायला लावला. चांगला वाढलेला निघाला. गोळ्या सुरू झाल्या. आणि एरवी निरोप पाठवूनही निम्मे लोक विसरतात, त्या दिवशी एक जण चुकला नाही!

संध्याकाळी बाईंनी मला आत बोलावलं. मी आधीच सांगितलं, बाई, रकाना परत जागेवर न्यायला शिकलोय, शिफ्ट दाबून, आत्ता करतो. तर म्हणाल्या, "नको. निरोप असेच जाऊ देत. ते शिफ्टबिफ्ट विसरून जा."

तुम्हाला सांगतो, त्या कॉम्प्युटरवरची तेवढी एकच गोष्ट मला पहिल्या फटक्यात जमली.