पोटातलं रक्त

लालबागच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर तुकईथड गावचे उखर्डूबाबा बसले होते. नर्सिंग शिकलेली त्यांची मुलगी पूर्णिमा हातातला रिपोर्ट त्यांना समजावत होती.

“बाबा, तुम्हालेबी सिकलसेल हाय, रक्ताचा आजार. नामदेवकाकाले होता, तोच.”

“नामदेव माझा सख्खा मोठा भाऊ. बाराव्या वर्षी हाडं दुखून दुखून गेला तो. मी तर साठीत केळीचे घड उचलतो.”

“तेच तर! डॉक्टर म्हणे, पोटातल्या बाळाचं रक्त अलग असते. जन्मल्यावर एक प्रोटीन त्या रक्ताच्या जीनवर जाऊन बसते आणि ते रक्त बनणं बंद करते. मग मोठ्या माणसाचं रक्त सुरू होते. काकाचं तसंच झालं, अन् ते नवं रक्तच खराब निघालं.”

“आन माझं?”

“तुमच्यात ते प्रोटीन तिथं चिकटतच नाही. म्हणून पोटातलं रक्त अजून बनते. त्यानंच तुम्हाले वाचवलं.”

“पोटातलं? मायच्या?”

“हो. तिच्या पोटात असताना तुम्ही जसं बनवत होते, बिलकुल तसंच.”

“साठ साल झाले, पोरी.”

“हो, बाबा. पण त्याले बंद व्हायचा हुकूम पोचलाच नाही.”

उखर्डूबाबांनी आपल्याच मनगटावर दोन बोटं ठेवली.

“मी जन्मलो त्याच घडीले माय गेली,” ते हळूच म्हणाले. “हे या रक्ताले अजून कोणी सांगितलंच नसंन.”