अमेरिकेच्या कॉलेजची पायरी मी उतरलो

…आणि आता सगळं झाल्यावर पोरगी हसून मलाच विचारते, "पप्पा, तुम्हाला मध्ये पडायला कोणी सांगितलं होतं?" आता तुम्हीच सांगा! बापाला मध्ये पडायला कोणी सांगावं लागतं का? बाप म्हणजे मध्ये पडणाराच माणूस! या, या, बसा, गादीवर बसा, कापड नाही घ्यायचं तर नका घेऊ, पण ऐकून जा, कारण हे मी बायकोला सांगितलं तर ती हसते, आईला सांगितलं तर ती मारवाडीतून शिव्या देते, आणि पोरीला सांगायची तर सोयच नाही, कारण पोरगी हुशार आहे हो… माझी तक्रार तेवढीच आहे!

तुम्हाला सांगतो, मी श्रेणिक लुणावत, शहाद्याला मेन रोडला हे कापडाचं दुकान, वडिलांनी टाकलेलं. घरात आमची मारवाडी चालते, गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि तुमच्याशी बोलतोय ती शाळेतली मराठी. तीन भाषांत धंदा केला, पण या माझ्या जियापुढे एका भाषेत बोलता येत नाही. अकरावीत होती तेव्हाची गोष्ट. मोबाईलवर काहीतरी गणित मांडून मला म्हणते, "पप्पा, सारंगखेड्याच्या यात्रेला यंदा राणी कलर भरू नका, मेहंदी कलर भरा." मी हसलो! अहो, मी घोडेबाजाराच्या गर्दीला साड्या विकतोय ती जन्मायच्या आधीपासून! भरला राणी कलर. तो बघा… वरच्या फळीवर… दिसतोय ना? तोच. अजून तिथेच आहे. आणि मेहंदी कलर विचारत विचारत बाया समोरच्या दुकानात गेल्या. पोरगी हुशार आहे, काय करता!

तर या बाईंनी ठरवलं, गणित शिकायचं आणि अमेरिकेत शिकायचं. बरं, पुण्याला शीक ना! नाशिक आहे, जळगाव आहे, आपलं लोणखेडा आहे, डबा घेऊन जा, संध्याकाळी घरी ये! नाही. का नाही? तर म्हणे तिकडे एकेक प्रोफेसर पोरांबरोबर बसून गणित सोडवतो, आणि ज्याच्याकडे पैसा नाही त्याला कॉलेजच पैसा देतं. मी म्हटलं, देतं? म्हणजे कोणालाही? ती म्हणाली, "कोणालाही नाही पप्पा. परदेशातल्या पोराने 'मदत पाहिजे' म्हटलं की बऱ्याच कॉलेजांत त्याची फाईल खाली जाते. वर राहायचं तर फार चांगलं असावं लागतं." मग? मग काय, म्हणाली, "मग चांगलं व्हायचं." एवढंच! एवढं बोलली आणि गेली अभ्यासाला. मी मीटर हातात धरून उभा! काय वाटलं माहितीय? गर्व वाटला हो, भीती वाटली आणि गर्व वाटला.

आणि मग सुरू झाले त्या कॉलेजवाल्यांचे प्रश्न! अहो, सोयरीक करताना सुद्धा लोक एवढं विचारत नाहीत! 'तुझ्या आयुष्यातली एखादी अडचण सांग आणि तू तिच्यावर कशी मात केलीस ते लिही.' मी म्हटलं, खबरदार! आपल्या घरात अडचण आहे असं बाहेर लिहायचं नाही. उद्या ते शहाद्यात कोणाला कळलं तर? "पप्पा, शहाद्यात कोणाला कळणार?" अगं, अमेरिकेतून सुरतेला कळतं, सुरतेतून शहाद्याला यायला काय वेळ लागतो! मग शाळेच्या सरांची शिफारस पाहिजे. सरांनी लिहून दिलं, 'सदर विद्यार्थिनीची वर्तणूक चांगली असून ती या शाळेची देणेकरी नाही.' जिया बिचारी तीन चकरा मारून आली, म्हणाली, "सर, माझ्याबद्दल काहीतरी लिहा ना." सर म्हणतात, "लिहिलं की! देणेकरी नाही म्हटलं!"

मग इंटरव्ह्यू. व्हिडिओवर. घरी नेटवर्क नाही म्हणून गोडाऊनमध्ये, चादरींच्या गठ्ठ्यांवर लॅपटॉप. तिकडची सकाळ, इकडची संध्याकाळ, गोरे साहेब टाय लावून बसलेले, जिया बोलतेय सुंदर, मी दाराआड उभा… आणि आमच्या मातोश्री, धनकंवरबाई, ताट घेऊन थेट आत! का? तर सूर्य मावळायला आला होता. आमच्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत ना! "जिया, सूरज डूब रह्यो है, पहला जीम ले!" साहेब घाबरले, काय झालं, सगळं ठीक ना? मी दाराआड कपाळ धरून बसलो. जियाने काय करावं? हसली, आणि सांगून टाकलं की दादी म्हणते, सूर्य मावळायच्या आत जेव. साहेब म्हणाले, मग जेव की! आणि तुम्हाला सांगतो, पोरगी अमेरिकेच्या साहेबासमोर खिचडी खात खात गणितावर बोलली! आणि मध्येच साहेबांनी विचारलं, तुमच्या गावात सूर्य मावळायची वेळ रोज किती बदलते? तर हिने घास गिळून तेही कागदावर मांडून दाखवलं! हे कोणाच्या घरात होतं? आमच्या!

मार्च संपता संपता निकाल लागले. एकेक कॉलेज नाही म्हणायला लागलं. पण नाही म्हणायची त्यांची पद्धत बघा! 'आम्हाला अतिशय खेद होतो, तुमच्यासारखी गुणी विद्यार्थिनी…' अहो, गुणी आहे तर घ्या ना! जिया एक वाचायची, मिटायची, दुसरं उघडायची. रडली नाही. बायको रडली, मी दुकानात बसून बिलं उलटी-पालटी केली. आणि शेवटचं एक राहिलं होतं, कुठल्याशा डोंगरातलं कॉलेज, नाव घेत नाही, मला ते नीट घेताही येत नाही… त्यांनी हो म्हटलं! हो! फी, राहणं, जेवण, बहुतेक सगळं ते देणार! आईने आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मी शटरला हार घातला. लोक विचारायला लागले, शेठ, दुकानचा वाढदिवस का?

पण 'बहुतेक सगळं' म्हणजे सगळं नव्हे. खाली एक आकडा होता, तो आम्ही भरायचा. दरवर्षी. आकडा किती होता ते तुम्हाला सांगणार नाही. मी माझ्या सीएला आकडे पुरते सांगत नाही, तुम्ही कोण? एवढं समजा की तो आकडा वाचून मी चष्मा पुसला, आणि पुसल्यावरही तो तेवढाच होता.

जिया म्हणाली, "पप्पा, त्यांना अपील करता येतं. घरची खरी परिस्थिती कागदासकट सांगायची, ते परत विचार करतात." मी म्हटलं, अपील कोर्टात करतात. व्यवहारात भाव करतात. "पप्पा, तिथे भाव होत नाही." भाव होत नाही अशी जागा जगात नाही बेटा! आणि घरची परिस्थिती? ती सांगायची? बाजारात बसलेला माणूस 'माझ्याकडे नाही' म्हणाला की दुसऱ्या दिवशी सुरतेचा व्यापारी माल थांबवतो!

आता भाव कसा करतात ते तुम्हाला माहीत आहेच. म्हसावदच्या आमच्या तापीबाई आहेत ना, जुन्या गिऱ्हाईक, त्या बघा. लुगडं पसरून बघणार, पदर उलटा करून बघणार, आणि मग, "शेठ, भलतंच महाग शे हो! ऱ्हाऊ द्या. दुसरी दुकानमा पाहस मी." आणि उठून चालायला लागणार. एक पायरी उतरल्या… दुसरी उतरल्या… आणि मग मी हाक मारायची, "ओ तापीबाई, या हो, रागवता काय!" त्या मागे वळणार, जशा काही वळायच्याच नव्हत्या. ही रीत आहे! पायरी उतरणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. पायरी उतरणं म्हणजे, मला हेच पाहिजे, जरा हाक मारा! हे शहाद्यात शेंबड्या पोरालाही कळतं.

तर त्यात काय झालं, अक्षय्य तृतीयेला नंदुरबारला बहिणीच्या वर्षीतपाचं पारणं होतं. वर्षभर एक दिवसाआड उपास केला होता तिने! सगळे तिला उसाचा रस पाजायला गेले, मी एकटा दुकानावर. कॉम्प्युटरवर जियाचा मेल उघडाच. मी म्हटलं, हीच वेळ! मोबाईलमध्ये मराठीत बोललो, त्याने इंग्रजी करून दिलं. 'मॅडम, तुमचा रेट फार जास्त आहे. आमच्याकडे दुसरी कॉलेजं आहेत. आम्हाला नको. थँक्यू.' आणि पाठवून दिलं! दुसरी कॉलेजं कुठे होती? कुठेच नव्हती! पण तापीबाईंकडे तरी दुसरं दुकान कुठे असतं?

बसलो वाट बघत. आता हाक येईल. दुपारी नाही आली. म्हटलं झोपले असतील. संध्याकाळी नाही. सकाळी दुकान उघडलं, मेल आलेला! म्हटलं, मारली हाक! 'प्रिय जिया, तुझा निर्णय कळला. आम्हाला वाईट वाटलं, पण आम्ही तुझ्या निर्णयाचा आदर करतो. तुझी जागा मोकळी केली आहे. पुढच्या वाटचालीला मनापासून शुभेच्छा.'

आदर?! अहो, आदर कोणी मागितला होता! हाक मारा ना! मी इकडे पायरीवर उभा आणि यांनी मागून शटर पाडलं! आणि कुलूप लावून वर शुभेच्छा!

तुम्हाला खोटं नाही सांगत, मी गठ्ठ्यावर बसलो. पोरीने दोन वर्षं डोळे फोडले आणि मी एका मेलमध्ये… मला माझं तोंड कुठे लपवू असं झालं. सगळे नंदुरबारहून आले. मी जियाला स्क्रीन दाखवली. आई म्हणाली, "थने बीच में पडण रो कुण कह्यो?" बायको पदर तोंडाला लावून आत गेली. आणि जिया… तिने ते वाचलं. माझा मेल वाचला, त्यांचा वाचला. रागावली असती तर बरं झालं असतं हो! तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि घड्याळाकडे बघितलं. म्हणाली, "तिकडे ऑफिस उघडू दे."

संध्याकाळी तिने कॉलेजला फोन लावला, स्पीकरवर. इथूनच, या गादीवरून. आणि नेमक्या त्याच वेळी तापीबाई आलेल्या, पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला! कुठे पाठवू त्यांना? कॅथरीन मॅडम म्हणून कोणी होत्या त्या बोलल्या. मी बी.कॉम. आहे, मला इंग्रजी बोलता येत नाही, पण कोणी माझ्याबद्दल बोललं की सगळं समजतं. जिया म्हणाली, "मॅडम, तो मेल माझ्या वडिलांनी लिहिला. आमचं कापडाचं दुकान आहे. आमच्याकडे भाव पटला नाही की गिऱ्हाईक पायरी उतरतं, आणि दुकानदार हाक मारतो. ते नाही म्हणाले नाहीत. ते अजून पायरीवरच उभे आहेत." मग म्हणाली, "आणि त्यांनी महाग आहे म्हटलं, कारण आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत असं म्हणायची त्यांना लाज वाटते."

…खरं होतं. इतकी वर्षं या गादीवर बसलोय, समोरचा माणूस 'महाग आहे' म्हणतो तेव्हा काय म्हणत असतो ते मला कळतं, म्हणून तर मी हाक मारतो! 'माझ्याकडे नाही' असं कोणी म्हणत नाही. सगळे 'महाग आहे' म्हणतात. आणि हे माझ्याबद्दल माझ्या पोरीला कळलं होतं, आणि तिने ते न लाजता सांगितलं, मान वर करून. मला वाटलं होतं, अब्रू जाईल. गेली नाही हो! उलट असं वाटलं की माझ्या अब्रूला कोणीतरी पहिल्यांदाच नीट बसायला जागा दिली. पोरगी हुशार आहे… म्हटलं ना, तक्रार तेवढीच आहे!

मग मॅडम हसल्या. वाईट नाही, चांगलं हसल्या. म्हणाल्या, मिस्टर लुना-वॅट आहेत का तिथे? त्यांना विचार, घर न मोडता ते वर्षाला किती देऊ शकतील? खरा आकडा.

जियाने ते सगळ्यांना कळेल असं सांगितलं आणि फोन माझ्यासमोर धरला. इकडे आई. तिकडे बायको. समोर तापीबाई लुगड्यांच्या ढिगात. मी चष्मा पुसायला घेतला. तापीबाई म्हणतात, "सांगी टाका ना शेठ! आम्ही काय परका शेतस का? मी कान झाकी लेस!" आणि खरंच दोन्ही कान झाकले… बोटं फाकवून! आणि मी सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने, खरा, अख्खा आकडा. आई दुसरीकडे बघायला लागली. तापीबाईंनी कानावरचे हात काढले आणि त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, बस्त्याचा एक रुपया कमी करा म्हणाल्या नाहीत! लुगडी घेतली, जियाच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि गेल्या.

आठवडाभर कागद. सीएचं पत्र, बँकेचं पत्र. सीए म्हणतो, शेठ, हे आकडे तुम्ही मला कधी सांगितले नव्हते! आणि परवा उत्तर आलं. जागा परत दिली. आणि मी जो आकडा सांगितला होता, बरोबर तोच आकडा मी भरायचा, बाकी सगळं ते बघणार! जिया रडली, तेव्हा पहिल्यांदा रडली, माझ्या खांद्यावर. ऑगस्टमध्ये जाणार माझी पोर. शहाद्याची, या गादीवर मांडी घालून पाढे म्हणणारी माझी पोर! पेढे घ्या… घ्या हो, दोन घ्या!

पण एक सांगू? कोणाला बोलू नका. दोन दिवस झाले, मला गोड लागत नाहीये. अहो, मी आकडा सांगितला आणि त्यांनी तो तसाच मान्य केला! एक शब्द नाही, घासाघीस नाही, 'थोडं वाढवा' नाही! समोरचा एका शब्दात हो म्हणाला याचा अर्थ काय? याचा अर्थ, मी जास्त सांगितला!