गुलाबरावांची पाच मतं

तुम्ही लोकशाहीवर वाद घालताय म्हणून सांगतो. मी पातूरजवळच्या एका गावात ग्रामसेवक होतो. ग्रामसभेत नव्या पाण्याच्या टाकीची जागा ठरवायची होती. सरपंच गुलाबरावांना ती रस्त्यावरच्या चौकात हवी होती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिच्यावरचं त्यांचं नाव दिसलं असतं. बायकांना हवी होती वस्तीत, कारण नळ टाकीखालीच लागणार होते.

गुलाबराव म्हणाले, "चौकात पाहिजे त्यायनं हात वर करा." सगळे हात वर गेले. एकट्या कमलाकाकूंचा खाली.

"काकू, सगळं गाव हो म्हणून राहिलं, तुमी काहून नाही?"

"तुमी समोर उभे राहून एकेकाकडे पाहून राहिले, म्हून हो म्हणते गाव. चिठ्ठ्या टाका, मंग पाहू."

गुलाबराव मनमोकळे हसले. "टाका की! आपल्याले कायची भीती?"

मी वहीची पानं फाडली, माझा जेवणाचा डबा रिकामा करून पुढे ठेवला. सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. मी मोजल्या. वस्तीला भरघोस मतं आणि चौकाला फक्त पाच.

गुलाबरावांनी मला पुन्हा मोजायला लावलं. तरी पाचच. ते चक्रावून म्हणाले, "अरे, माह्या घरातलेच नऊ मतदार हायेत!"

बायकांमधून त्यांच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "मंग? घरचं पाणी भराले तुमी जाता, का आमी?"

सभा हसून लोटपोट झाली. क्षणभराने गुलाबरावही हसले आणि चौकात फोडायला आणलेला नारळ घेऊन स्वतःच वस्तीकडे निघाले.