आरशासमोरची मंडळी

दादा : मान सरळ ठेवूनच बोलतोय मी. तर सोमवारची ही तुझी प्रार्थना बंद. काल चर्चच्या कमिटीत ठरलं.

ठमी : वा रे वा! सख्ख्या बहिणीच्या सलूनमधली प्रार्थना बंद पाडायची, आणि वर सुटीच्या दिवशी तिच्याच खुर्चीत येऊन केस कापून घ्यायचे! कमाल आहे हां दादा तुझी. हलू नकोस, कान जाईल.

दादा : चेष्टा नको, ठमे. धंदा खुशाल कर. पण प्रार्थना म्हटली की चर्चमध्ये. एवढी इमारत उभी केली ती काय कबुतरांसाठी?

ठमी : कबुतरंच बरी, त्यांना कुणी हटकत तरी नाही. इस्पितळातली आया रात्रपाळी करून गणवेशातच आली, तर तिला काय म्हणालात? "मागे बसा, पुढचे बाक राखीव आहेत." कुणासाठी राखीव? प्रभूचे पाहुणे येणार होते का?

दादा : शिस्त लागते.

ठमी : डोंबलाची शिस्त! ती परत फिरकली नाही. सोमवारी माझं दुकान बंद असतं, म्हणून मीच म्हटलं, ये इकडे. मग पंक्चरवाली आली. मग फुलवाली. बोलावणं नाही, घंटा नाही, आपापल्या पायाने आल्या.

दादा : आणि प्रार्थना चालवणारी पाळकीण झालीस तू!

ठमी : मी खुर्च्या पुसते. बाकी ज्याला जे बोलायचं ते बोलतो. आणि प्रार्थना बंद नाही केली तर रे? काय करणार तुमची कमिटी?

दादा : तर… तुला चर्चमध्ये प्रभुभोजन, ती भाकर आणि द्राक्षरस, मिळणार नाही.

ठमी : काय म्हणालास?

दादा : कात्री खाली ठेव आधी.

ठमी : नाही ठेवत! ज्या बाकावर आईने मला मांडीवर घेऊन गाणी शिकवली, तिथून मला उपाशी उठवणार? सुचवलं कुणी हे?

दादा : मी.

ठमी : तू!

दादा : दुसऱ्या कुणाच्या बहिणीला सोडलं असतं का मी? उद्या लोक म्हणतील, घरचं माणूस म्हणून झाकलं.

ठमी : घरचं झाकायची तुला फार सवय आहे, दादा. ते राहू दे. समोर बघ. काय दिसतंय?

दादा : अर्धं डोकं भादरलेला माणूस.

ठमी : आणि त्याच्या मागे?

दादा : तू. तोंड लाल करून उभी.

ठमी : दोघांची तोंडं दिसली ना? चर्चमध्ये आपण बसतो एकामागे एक. मला दिसतात ते पुढच्यांचे अंबाडे आणि टकलं. एका बाईच्या मागच्याच बाकावर मी वर्षभर बसले. पाठ ताठ, पदर नीट, सूर पक्का. मला वाटायचं, सुखी बाई आहे. ती इथे आली, या खुर्चीत बसली, गाणं सुरू झालं, आणि आरशात बघते तर काय, सूर न सोडता घळाघळा रडतेय. वर्षभर तशीच रडत होती, दादा! आमच्यापैकी एकालाही पत्ता नाही!

दादा : कोण बाई?

ठमी : नाही सांगणार.

दादा : कमिटीत मी आहे. तिचं काही दुःख असेल तर तिने माझ्याकडे यायला हवं होतं.

ठमी : हो रे. तुझ्याकडेच यायला हवं होतं.

दादा : शिस्त नसली की हे असं असतं. आमच्या घरात बघ. तुझी वहिनी, रविवारी चर्च, सोमवारी शिवणक्लास. कुणापुढे रडगाणं नाही.

ठमी : मान खाली कर. गप्प बस आता.

वहिनी : ठमे, दार उघडंच ठेवलंयस? आज खुर्च्या मी पुसते हं, तू जरा… अगं बाई!

दादा : तू? तू इथे कशी? शिवणक्लास?

वहिनी : शिवणक्लास नाहीच. कधीच नव्हता.

दादा : म्हणजे ती बाई… इथे येऊन काय सांगितलंस तू?

वहिनी : बाळूचं नाव सांगितलं.

दादा : सगळ्यांसमोर?

वहिनी : सगळ्यांसमोर. दर रविवारी आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना होते. कुणाचा गुडघा, कुणाचा मोतीबिंदू. माझा पोरगा व्यसनमुक्ती केंद्रात हातपाय थरथरत पडलाय, आणि त्याचं नाव नाही! का? तर तुम्ही सांगून ठेवलंय, तो परदेशी नोकरीला गेलाय! लोक माझं अभिनंदन करतात हो. मी हसून आभार मानते. किती दिवस मानू?

दादा : अगं, लोक त्याला नावं ठेवतील म्हणून…

वहिनी : त्याला, की तुम्हाला? आयाबाई रात्रपाळीला जायच्या आधी त्याच्यापाशी बसून येते. पंक्चरवाली गेली होती मागच्या आठवड्यात. कोण कुठल्या बायका, त्यांना लाज नाही वाटली!

दादा : …त्यांच्याशी बोलतो तो?

वहिनी : बोलतो. पंक्चरवालीला विचारत होता, बाबा माझं नाव घेतात का म्हणून.

दादा : काय सांगितलं तिने?

वहिनी : खोटं बोलता येत नाही तिला. नुसतं त्याचं पांघरूण सारखं करून आली.

ठमी : दादा, उठतोस कुठे? एका बाजूने साहेब आणि एका बाजूने रान, असा जाणार रस्त्यावर? बस खाली. दोन मिनिटांत उरकते, मग जा. त्या सगळ्या प्रार्थनेला येतीलच एवढ्यात.

दादा : ठमे.

ठमी : आता काय?

दादा : घाई नको करूस. सावकाश काप.