आमच्या शॉवरची धार

गच्चीवर भलीमोठी टाकी ठेवायची आणि खाली बारीक पाइप सोडायचा, असं करणाऱ्यांना काही वाटतच नाही. अहमदपूरच्या घरी मी शॉवरचा नवा व्हॉल्व्ह बसवला, तर पाणी नुसतं ठिबकायला लागलं. बाबा म्हणाले, "काढ ते अन् आपला नळ बसव. उगं भिंत फोडून राहिला."

"आजचा दिवस थांबा," म्हणालो. टाकीपासून व्हॉल्व्हपर्यंत जाड पाइप टाकला, नको तिथले एल्बो, म्हणजे पाइपाला वळण देणारे जोड, काढले. संध्याकाळी व्हॉल्व्ह फिरवला, तर दारात उभे असलेले बाबाच भिजले. ते टॉवेल घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मी अख्ख्या गल्लीला बोलावून धार दाखवली. शेजारच्या शांताकाकूंनी तिच्याखाली हात धरला. "लई भारी हाय रे. बादली झटक्यात भरंल."