कोलंबीचं काउंटर

नाही, नाही, तो टेप आत ठेवा आधी. मोजायचं नंतर. काय म्हणालात — कोलंबी? होडीत बर्फ भरून त्यावर कोलंबी मांडणार? मालाडच्या हॉटेलात, एसीमध्ये, वर पिवळे दिवे सोडून? झकास. आणि शीडही हवंय? ते कशाला — हात पुसायला? हसू नका, मी विनोद नाही केला. बारा फूट, हो, बाराच. सागाच्या फळ्या, एकेक मी रंधा मारून बसवलीय — याच पार्किंगमध्ये, दोन वर्षं, ऑफिसातून आल्यावर रोज. बाबांची स्कूटर गेली आणि ही जागा मोकळी झाली, तर सोसायटीच्या पोटात दुखायला लागलं. राजेशकाका — सेक्रेटरी आमचे — म्हणतात, प्रांजल, त्यापेक्षा गाडी घे गं, चारचौघांसारखी. मुलुंडची खाडी इथून किती लांब? पण या माणसानं तीस वर्षांत ती फक्त पुलावरून पाहिलीय, तीही नाक दाबून. आता रविवारपर्यंत हलवा म्हणून लिफ्टमध्ये नोटीस लावलीय. 'लाकडी सामान.' सामान!

विकायची जाहिरात? हो, मीच टाकली. रागात. रागात माणूस काहीही टाकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी टेप घेऊन हजर व्हायचं? तुम्हा डिझायनर लोकांचं ना, मला कळतच नाही — तुम्हाला वस्तू नुसती दिसायला हवी असते. बैलगाडीचं चाक भिंतीवर, जातं कुंडीखाली, आता होडीत कोलंबी. चालवायची कुणालाच नाही — अहो, तिकडे कुठे? तिकडे भिंत आहे, काही दिसत नाही. ही बाजू बघा ना, पॉलिश बघा — तिकडे जाऊ नका म्हटलं ना!

हं. बघितलंत. एक फळी चिरलीय, एक सुटलीय. आपटली-बिपटली नाही कुणी, पाण्यानंच झालं ते. भांडुपच्या खाडीवर चंदरमामा आहेत — नात्यातले नाहीत, कोळी आहेत, सगळा जन्म होड्यांत गेला. ते म्हणाले होते, पोरी, सांध्यांत तेलातला कापूस ठोक, तो दबतो. आणि पहिले दोन दिवस होडी बुडवून ठेव, लाकूड पाणी पिऊन फुगलं की सांधे आपले आपण मिटतात. बुडवून! मी म्हटलं, मामा, मी ही तरंगायला बांधलीय. इंजिनिअर ना मी! व्हिडिओ बघून सगळ्या सांध्यांत कडक पुट्टी भरली — काचेसारखी. चार महिन्यांपूर्वी खाडीत सोडली, तर थेंब आत गेला नाही, खरंच नाही गेला. पण फळ्या बाहेरून पाणी पीतच होत्या ना, फुगत होत्या, आणि सरकायला जागाच ठेवली नव्हती मी. दुसऱ्या दिवशी सकाळी शीड बांधत होते, तर कडकड आवाज. मामा कमरेएवढ्या पाण्यात दोरी धरून उभे. ओरडले असते तर बरं झालं असतं — नुसती ओढत काठाला आणली. आणि मी? मी टेम्पो बोलावला. त्यांच्याकडे न बघता. नंतर दोनदा फोन आला त्यांचा. नाही उचलला.

काय? चालेल? फुटकी चालेल तुम्हाला? बर्फाखाली कोण बघतंय — हो, बरोबरच आहे तुमचं. चार महिने मी तरी वेगळं काय करतेय? फुटकी बाजू भिंतीला लावायची आणि इकडून पॉलिश मारत बसायचं.

नाही देत. नाही म्हणजे नाही. कोलंबी टेबलावर मांडा, तिला काही फरक पडत नाही. रविवारी ही खाडीवर जाईल, सगळी पुट्टी खरवडायला — आणि त्याआधी मला एक फोन करायचाय, तो करताना तुम्ही इथे नकोत. उभे काय राहिलात? टेप उचला, निघा. गेट लावून घ्या.

हॅलो — मामा? मी प्रांजल... हो. तीच, न बुडवणारी.