विष्णूचं तुटकं नाक

नाव घेत नाही, पण जिल्ह्यातल्याच एका संग्रहालयात परवा माझं डोकं फिरलं. नरडाण्याकडचे आमचे नाना नातीला घेऊन आले होते. तरुणपणी विहीर खणताना त्यांना विष्णूची मूर्ती सापडली, पहार लागून तिचं नाक उडालं, आणि ती त्यांनी स्वतः बैलगाडीतून इथे आणून दिली. ते तुटकं नाक त्यांना नातीला दाखवायचं होतं.

मूर्तीच्या जागी भिंतीएवढा स्क्रीन. त्यावर विष्णू गरागरा फिरत होता, नाक शाबूत!

नात म्हणाली, "नाना, तुम्ही तर नाक तुटलं म्हणत होता!"

नाना ओशाळले. तिथला अधिकारी खुशीत म्हणाला, "नाक आम्ही संगणकावर बसवलं. छान दिसतंय ना?"

म्हटलं, "साहेब, त्या नाकापायी हा माणूस नातीसमोर खोटा पडला. खरी मूर्ती दाखवा."

"ती गोदामात आहे. अर्ज करा, पंधरा दिवसांत कळवू."

हे वाक्य मी नोकरीभर लोकांना ऐकवलं. ऐकणाऱ्याचं रक्त किती उकळतं, ते निवृत्तीनंतर कळलं.

नाना मात्र अधिकाऱ्याला शांतपणे म्हणाले, "भाऊ, मी मूर्ती आणी दिधी, तवय तुम्ही मन्हाकडे अर्ज मांगा व्हता का?"